परातीतलं पिवळं पाणी

निरीक्षण

पाणी पिवळं झालं तेव्हा आधी बायका ओरडल्या, मग सगळा मंडप.

कलशातून पडताना ते स्वच्छ होतं. सयाजीच्या मनगटावर पडलं तेव्हाही स्वच्छच. तळहातावरून ओघळून खालच्या पांढऱ्या परातीत उतरलं आणि झेंडूसारखं गर्द पिवळं झालं. माळावरच्या त्या मंडपात चार-पाचशे माणसं होती. मागची उभी राहिली, त्यांच्या मागची खुर्च्यांवर चढली.

"बघा! डोळ्यांनी बघा!" मूळनाथ महाराज माईकवर गरजले. "बारा वर्षांची दारू हाय ही! लिव्हरच्या कोपऱ्यात दडून बसली होती. मिरजेच्या मशिनीला घावली न्हाई. मुळीला घावली! कुणाला घावली?"

"मुळीला!"

"मशीन काय करती? फोटू काढती. फोटू काढून आजार जातो व्हय? मग माझा काढा की, माझं पोट तरी जाईल!"

लोक खदखदून हसले. महाराजांचं पोट खरंच मोठं होतं आणि त्याचा उपयोग त्यांना माहीत होता.

"आवं, केवढं पिवळं," माझ्या पुढच्या म्हाताऱ्या अंबूबाई गालावर हात ठेवून म्हणाल्या. "एवढं इख घेऊन हिंडत हुता व्हय ह्यो?"

मागे दोन तरुण कुजबुजत होते.

"माझं धुतलं तर परात भरंल."

"तुझं धुवायला टँकर लागंल गड्या."

सयाजी पाटावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता. माझा चुलतभाऊ. लहानपणी ओढ्यात माझ्या आधी उडी मारणारा. त्यानं मान वर करून गर्दीत मला शोधलं आणि हसला. कोर्टात केस जिंकल्यावर माणूस हसतो तसा. शेजारी त्याची बायको, शालनवहिनी, हात जोडून रडत होत्या.

मी गावच्या हायस्कुलात वीस वर्षं विज्ञान शिकवतो. हे खोटं आहे एवढं मला त्या दिवशी कळत होतं. पण पाणी पिवळं का झालं, हे सांगता येत नव्हतं. म्हणून मी गप्प बसलो.

साहित्य

पांढरी इनॅमलची परात, एक.

पितळी कलश, एक. त्यात तीर्थ.

तपकिरी लेप, मुळीचा म्हणून सांगितलेला. एक सेवेकरी तो रोग्याच्या तळव्यापासून कोपरापर्यंत चोळायचा. पाव तास उन्हात बसवायचं, मग ओल्या फडक्यानं पुसून काढायचं. "आता हात कोरे," असं माईकवरून जाहीर व्हायचं, आणि त्यानंतर तीर्थाची धार.

मांजरपाटाची पांढरी पट्टी. ती परातीत बुडवून, वाळवून रोग्याला द्यायची. दर गुरुवारी एक.

माणूस, एक. सयाजी, वय एक्कावन्न, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. आमच्या गावात घरटी एक फौजी आहे, आणि फौजी म्हटलं की कॅन्टीनचं कार्ड, आणि कार्ड म्हटलं की रम. सयाजीला मिरजेच्या डॉ. कीर्ती चौगुल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: यकृत टणक होत चाललंय, यापुढे थेंबही नको. त्यानं सोडली. एका झटक्यात, ऑर्डर पाळल्यासारखी. चौदा महिने तो माजी सैनिकांच्या बैठकीत सोड्याचा ग्लास घेऊन बसायचा आणि जुने जोडीदार म्हणायचे, "हवालदार, दुदू पाहिजे का दुदू?" तो हसायचा. घरी आल्यावर बोलायचा नाही.

आणि एक वाक्य. माझं.

विज्ञान दिनाला मी शाळेत व्याख्यान दिलं होतं, आपल्या बांधावरच्या वनस्पतींवर. माजी सैनिक म्हणून सयाजी पहिल्या रांगेत होता. मी म्हणालो, "भुईआवळा आपण तण म्हणून उपटून टाकतो. पण प्रयोगशाळेत उंदरांना अशा वनस्पतींचे अर्क आधी दिले आणि मग दारू दिली, तेव्हा त्यांच्या यकृताला कमी इजा झाली." टाळ्या पडल्या. पुढची चार वाक्यं होती. पण घंटा झाली, पोरांना खाऊ वाटायचा होता, मी खाली उतरलो.

महिन्याभरात माळावर मंडप पडला. फलकावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'विज्ञानानेही मान्य केलेली मुळी. विचारा आपल्या गुरुजींना.'

मला कुणी विचारलं नाही. मीही जाऊन ती ओळ पुसली नाही.

सात पट्ट्या

शालनवहिनींनी त्या स्वयंपाकघरातल्या तारेला पिना लावून ओळीनं टांगल्या होत्या. पहिली गर्द. दुसरी जराशी उतरलेली. पाचवी लिंबाच्या सालीसारखी. सातवी जवळजवळ पांढरी. येणाऱ्या-जाणाऱ्याला वहिनी त्या दाखवायच्या, पोरीच्या शाळेतल्या बक्षिसांसारख्या.

त्यांची पोर अपेक्षा मिरजेला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती. शनिवारी घरी आली की बापामागे लागायची.

"पप्पा, एकदा रक्त द्या. दहा मिन्टांचं काम हाय."

"कशाला? पट्टी बघ की. उतरलं सगळं."

"पट्टी म्हंजे कापड हाय, पप्पा."

"आन तुझा रिपोर्ट? त्यो कागदच हाय की."

मी चहा पीत बसलो होतो. मला हसू आलं, मी हसलो. अपेक्षानं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

आठव्या गुरुवारी महाराजांनी सयाजीला धुतलं नाही. त्याऐवजी एक काळी बाटली दिली. "लिव्हर कोरं झालं. आता हे कवच, भुईआवळ्याच्या मुळीचं. आधी दोन चमचे काढा, मग वाटल्यास दोन घोट. कवच पोटात असताना दारूचा बाप आला तरी लिव्हरला शिवत न्हाई."

डॉक्टरनं 'कधीच नाही' म्हणून सांगितलं होतं. महाराज 'आता चालेल' म्हणाले. चौदा महिने हसणं ऐकून घेतलेल्या माणसानं कुणाचं ऐकावं?

पुढच्या बैठकीत त्याच्या हातात सोडा नव्हता. मी त्याला दाराशी गाठलं.

"सया, काय चालवलंयस हे?"

"अरं मास्तर, तूच सांगितलास न्हवं?" तो खूष होता, माझ्या खांद्यावर हात टाकून उभा. "उंदराला आधी पाला, मग दारू. मी उंदरापेक्षा मोठा हाय म्हणून दोन चमचे जास्त घेतो."

"ते तसं नव्हतं..."

"मग कसं हुतं?"

आत कुणीतरी त्याला हाक मारली. तो गेला. असे तीन महिने गेले.

मिरज

पोट फुगलं, पायांवर सूज आली, डोळे पिवळे झाले, आणि एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली. मिरजेला भरती केला. वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी डॉ. कीर्तींना सगळं सांगितलं. व्याख्यान, टाळ्या, घंटा, फलक.

त्या म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, गुरुजी. भुईआवळा, कुटकी, आणखीही वनस्पती आहेत. त्यांतली काही द्रव्यं प्राण्यांच्या यकृताला थोडंफार वाचवताना दिसतात. म्हणून तर त्यावर संशोधन चाललंय. चालू द्यावं."

"मग?"

"मग उंदीर पिंजऱ्यात असतो. त्याचं यकृत सुरुवातीला धडधाकट असतं. दारू किती, कधी, हे आपण ठरवतो, आणि प्रयोग संपला की दारू संपते. तुमच्या भावाची दारू कोण संपवणार होतं? शिवाय माणसांवर 'हे घ्या आणि प्या' असं म्हणण्यासारखं काहीही हाती लागलेलं नाही. कुणालाच नाही. त्या काळ्या बाटलीत काय काय उकळलंय, किती उकळलंय, ते उकळणाऱ्यालाही ठाऊक नसेल. कधीकधी असल्या पाल्यानंच यकृत बिघडतं."

त्यांनी सयाजीची फाईल माझ्यापुढे उघडली. "हे त्यांनी दारू सोडल्यानंतरचे चौदा महिने. बघा. दर वेळी थोडं बरं. तेव्हा ते कुठलं औषध घेत होते?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दारू घेत नव्हते. दारूनं बिघडत चाललेल्या यकृतावर माझ्याकडे त्याच्याएवढा मोठा उपाय नाही."

ती पुढची चार वाक्यं मला आधीपासून माहीत होती. मी ती म्हटली नव्हती, एवढंच.

अपेक्षा पाण्याच्या बाटलीत तीर्थ घेऊन आली. वहिनींनी ते बापाच्या उशाशी ठेवलं होतं. कॅन्टीनमधून तिनं सरबताची नळी आणली होती.

"काका, फुंका ह्यात."

मी फुंकलं. बुडबुडे आले, आणि चार-पाच फुंकरांत पाणी दुधासारखं गढूळ झालं.

"कितवीचा प्रयोग?" तिनं विचारलं.

"सातवीचा," मी म्हणालो. दरवर्षी पोरांकडून करून घेतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि चुन्याची निवळी. बादलीभर पाण्यात चुना कालवायचा, रात्रभर ठेवायचा, वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. तीर्थ म्हणजे एवढंच.

"पण चुनकळीचं पाणी पिवळं होत न्हाई," ती म्हणाली. "दुसरं कायतरी हाय. लेपात. बघते मी."

कृती

पंधरा दिवसांनी त्याला घरी सोडलं. सोडलं म्हणजे काय ते डॉ. कीर्तींनी मला वेगळं बोलावून सांगितलं. सयाजीला कुणी सांगितलं नाही, पण त्याला माहीत असावं.

"मास्तर, गुरुवारी मला तिथं ने."

"कशाला?"

"रिपोर्टिंगला."

अपेक्षा भांडली, रडली. "पप्पा, तुमी नका येऊ. आमी दोघं करतो." तो म्हणाला, "तुमी दोघं बोलशीला. माझ्याकडं बघतील." प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची टेम्पोत चढवून आम्ही त्याला माळावर नेला.

मंडप भरलेला होता. खुर्ची पुढे नेताना लोक आपोआप बाजूला झाले. महाराजांनी त्याला ओळखलं आणि चेहरा न बदलता माईक तोंडाशी नेला.

"ये सयाजी! पथ्य मोडलंस न्हवं? मोडलंसच! लेप लावा ह्याला."

"लेप नको," सयाजी म्हणाला. आवाज अगदी बारीक होता, तरी पुढच्या रांगा गप्प झाल्या. "मला खरी कावीळ हाय. सगळ्यास्नी दिसतीया. नुसतं पाणी घाल."

"आधी लेप, मग धार. शास्त्र हाय ते."

"लेपानं कावीळ येती का पाण्यानं जाती? घाल पाणी."

महाराज हसत लोकांकडे वळले. तेवढ्यात शालनवहिनी पुढे झाल्या. कुणालाही न विचारता त्यांनी कलश उचलला. सयाजीनं हात पुढे केले. हळदीच्या कांड्यासारखी बोटं, नखंसुद्धा पिवळी. वहिनींनी धार धरली. पाणी त्या पिवळ्या हातांवरून ओघळलं आणि परातीत पडलं.

स्वच्छ. परातीचा तळ दिसत होता.

मग जे झालं ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "पाणी साफ! सयाजी बरा झाला!" टाळ्या सुरू झाल्या. महाराजांनी क्षण वाया घालवला नाही. "बघा! मुळीची ताकद! पिवळा थेंब न्हाई आत! झाला गडी निर्मळ!"

चारशे माणसं एका मरणाऱ्या माणसासाठी टाळ्या वाजवत होती.

सयाजीनं टाळ्या थांबायची वाट पाहिली. मग दोन बोटांनी दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढल्या आणि चेहरा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवला, सगळ्या रांगांना दिसेल असा. तिथं पांढरं काही राहिलंच नव्हतं.

टाळ्या पुढून मागे बंद होत गेल्या.

"वहिनी, तो कलश द्या इकडं," म्हणत सेवेकरी धावला. वहिनींनी सोडला नाही. ओढाताणीत कलश कलंडला आणि तीर्थ त्याच्याच हातांवरून परातीत सांडलं. सकाळपासून तो लेप चोळत होता. परात झेंडूसारखी पिवळी झाली.

मग अंबूबाई म्हणाल्या, "अगं बया! ह्यालाच कावीळ!"

"आत्या, तुमी या," अपेक्षानं त्यांचा हात धरला. लेपाचा डबा तिनं उचलून घेतला होता. "दारू पिताय का तुमी?"

"मुडदा बशिवला दारूचा. जल्मात शिवली न्हाई."

अपेक्षानं त्यांच्या हातांना लेप चोळला, फडक्यानं पुसला, उरलेली धार सोडली. पिवळं.

"आत्या, कवापासनं पिताय?" मागून एकजण म्हणाला. हसू फुटलं, पण लगेच विरलं.

"मंडपामागची आंब्याची झाडं बघा," अपेक्षा बोलायला लागली. माईक नव्हता. "माणसाच्या उंचीपर्यंत साल सोललीया सगळ्यांची. ती साल वाटून हा लेप केलाय. मी घरी करून बघितलाय. पुसला तरी रस कातड्यावर ऱ्हातो. त्यावर चुन्याची निवळी पडली की पिवळं हुतं. तुमचं, माझं, लाकडाच्या पाटाचंबी हुतं. कावीळ रक्तात असती. ती हात धुऊन उतरत न्हाई. पप्पांची उतरली का? बघितलंसा न्हवं?"

शालनवहिनी अजून कलश धरून उभ्या होत्या.

"मग रंग फिका कसा झाला?" त्यांनी लेकीला विचारलं. भांडणाचा सूर नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "सात पट्ट्या... दर येळंला कमी कमी..."

"लेप पातळ करत गेले, आई."

वहिनी तिथंच मातीत बसल्या. सयाजीनं खुर्चीतून वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

महाराज बोलत होते. कलियुग, निंदक, परीक्षा. माईक चालू होता, पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं.

अनुमान

सयाजी एकोणीस दिवसांनी गेला. शुद्धीत होता तोवर एकदाच त्या विषयावर बोलला. म्हणाला, "मास्तर, मला कुणीतरी 'चालतंय' म्हणायला पायजे हुतं रं." आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. त्याआधीच मंडप हलला होता. दुसऱ्या कुठल्या तरी माळावर तो आज उभा असेल, आणि तिथंही कुणाचे तरी हात परातीवर धरलेले असतील.

दहाव्याला नदीवरून परतताना आप्पासो माझ्याबरोबर चालू लागले. सयाजीचे फौजेतले जोडीदार. 'दुदू पाहिजे का' म्हणणाऱ्यांत तेही होते.

"मास्तर, धुण्याचं खोटं, पटलं," ते म्हणाले. "पण काढा? पाला तर खरा हाय न्हवं? माझ्याकडं अर्धी बाटली हाय अजून."

ह्या वेळी मी घंटेची वाट पाहिली नाही.

"पाला खरा आहे, आप्पासो. त्याच्यात काही आहे का, किती आहे, कुणाला उपयोगी, हे शोधणारी माणसंही खरी आहेत. उद्या त्यातून औषध निघालं तर मी स्वतः तुम्हाला आणून देईन. पण दारू पिता यावी म्हणून घ्यायचं औषध जगात कुणाकडे नाही. आहे म्हणणारा खोटं बोलतोय, मग तो भगवं नेसून सांगू दे नाहीतर पांढरा कोट घालून. आणि अर्धंच खरं सांगून गप्प बसणारा, माझ्यासारखा, तोही तेवढाच जबाबदार."

"मग मी काय करू?"

"सोडा. पण एकट्यानं एकदम नको. रोजची सवय अचानक तोडली की अंगाला कंप सुटतो, फिट येते. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडा. उद्या चला, मी येतो."

सकाळी साडेसातच्या एसटीला ते थांब्यावर उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. डोळ्यांनी पाहिलं म्हणून ते खरं होत नाही. जिथं सगळे टाळ्या वाजवतात, तिथं एक प्रश्न विचारा: हेच पाणी निरोगी माणसाच्या हातावर घातलं तर काय होईल? आम्ही हा प्रश्न पहिल्या गुरुवारी विचारला असता, तर त्याला पाच मिनिटं लागली असती.

मिरजेत आप्पासोंच्या दंडाला पट्टा बांधून अपेक्षानंच रक्त घेतलं. ते नळीकडे टक लावून बघत होते.

"लालच हाय की," म्हणाले, जरा सुटका झाल्यासारखे. "चांगलंच दिसतंय."

"सगळ्यांचं लालच दिसतं, आप्पा," ती म्हणाली आणि नळीवर त्यांचं नाव लिहिलं. "म्हणून तर तपासायचं."